मधली जागा

जिंतूर रोडला, टायरवाल्याच्या शेजारी
पत्र्याखाली माझं दुकान.
सीट कव्हर शिवतो. बावीस वर्षं झाली.
गाडी कुणाची, हे मला नंबरवरून कळत नाही,
फोमवरून कळतं.

कच्छवे सर एकाच दिवशी दोन गाड्या घेऊन आले.
जुनी हॅचबॅक, सेलूच्या लेकीला द्यायची म्हणून नवे कपडे.
आणि नवी क्रॉसओव्हर, अजून प्लास्टिकसुद्धा न काढलेली.
"बघा मिस्त्री, केवढा फरक!"
मी टेप काढला.

मागची सीट रुंदीला चार बोटं जास्त.
गुडघ्यापुढं एक वीत,
तीही पुढचा माणूस बुटका असला तर.
डोक्यावर मात्र ऐसपैस,
फेटा बांधून बसा, छताला लागणार नाही.
बाकीची लांबी बॉनेटात गेली,
रुंदी दारांच्या जाडीत,
आणि उंची
गंगाखेडच्या रस्त्याला दिली.
सरांना एवढं सगळं सांगितलं नाही.
नव्या गाडीचं माप कुणी मोठ्यानं वाचू नये.

बसायचं म्हणाल तर
जुनीत उतरावं लागतं, हौदात उतरल्यासारखं,
आधी बूड, मग डोकं, मग एकेक पाय.
निघताना गुडघा देवाचं नाव घेतो.
नवीत ओट्याला टेकल्यासारखं
टेकलं, की झालं.
हे खरंच सुख आहे, नाही कसं म्हणू?

जुनीची कव्हरं उसवली.
सरांची सीट उजवीकडून दबलेली,
मागच्या खिशातलं पाकीट.
बाईंच्या सीटची पाठ कोरी करकरीत,
अकरा वर्षं त्या टेकल्याच नाहीत,
पायाखालची चटई मात्र पार झिजलेली,
तिथं नसलेला ब्रेक दाबून दाबून.
मागं खिडक्यांकडं बिस्किटाचा चुरा,
एक हेअरपिन, हुरड्याचे चार दाणे.
आणि मधे
जिथं कंपनी फोम घालतच नाही,
नुसता नावाला असतो,
तिथला नावाचाही उरला नव्हता.
पुढच्या दोन्ही सीटांच्या कडांना
तळहाताएवढे काळपट डाग.
मी विचारलं, "मधे कोण बसायचं?"
सर म्हणाले, "प्रयागा, आमची बहीण.
बारीक आहे ना ती."

ती तिथंच होती, माझ्या स्टुलावर,
पिशवी मांडीवर घेऊन.
नांदेडचा दवाखाना, औंढ्याचा सोमवार,
भाच्यांची लग्नं,
एक पाय उंचवट्याच्या इकडं, एक तिकडं,
दोन्ही हातांनी दोन्ही सीटा धरून.
सगळ्यात सरळ रस्ता मात्र तिलाच दिसायचा.

सरांनी नव्या गाडीत मधला हात खाली पाडला.
त्यात कपासाठी दोन खड्डे.
"ह्याला टॅन दोऱ्याची शिलाई मारा, मिस्त्री."
मी दोऱ्याची रीळं बघत राहिलो.
बाई फोनमध्ये बघत राहिल्या.
टायरवाल्याचा कॉम्प्रेसर मधेच बंद पडला.

"मला खिडकी द्या बाप्पा आता,"
प्रयागाआत्या म्हणाली.
"अकरा साल समोरचंच बघितलं.
बाजूनं काय जायलंय ते तरी बघू."

आणि चढली. हात कुणाचा घेतला नाही.
पण ह्या गाड्यांना
खिडकीची कड उंच ठेवायची फॅशन आहे,
ती तिच्या हनुवटीला आली.
बाहेरचं तिला दिसलं ते
टायरवाल्याच्या बोर्डाचा वरचा अर्धा.

म्हणून त्या एका जागी
मी फोम चढवला.
चार बोटं. जेवढी गाडी मोठी होती, तेवढाच.
बिलात लिहिलं: जादा फोम.
सरांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं,
ह्या वेळी पुढच्या खिशात.

आता तिचे पाय खाली टेकेनात.
मी म्हणालो, "आत्या, पाट करून देऊ का पायाला?"
"लोंबू द्या की," ती म्हणाली,
"बैलगाडीत मागं बसायचो,
तव्हा काय टेकत होते का?"