उशिरा तोडलेला माल

बाटली दोन दिवस कोल्ड स्टोअरेजमध्ये होती,
बारा नंबरच्या चेंबरात, जतच्या कुणाच्या तरी
बेदाण्याच्या पेट्यांमागं.
वॉचमनला सांगितलं, फवारणीचं औषध आहे,
ऊन लागता कामा नये.

इंद्रजितनं आणलेली. तो तिकडं मोझेल नदीच्या काठी
बागेत छाटणीला असतो. म्हणाला, मामा,
उतार असा, की पाय घसरला
तर माणूस थेट नदीत,
आणि कात्री त्याच्या आधी.

सावळजच्या माळावर, शेडच्या कडेला, आम्ही बसलो.
जाळ्यांवर सोनाका वाळत पडलेला,
गंधकाचा वास अजून कपड्यांना.
हणमंतनं बूच काढायला पक्कड आणली होती;
झाकण फिरकीचं निघालं. पक्कड त्यानं
रात्रभर मांडीवर ठेवली, पाहुण्याच्या पोरासारखी.

भरतेश उपाध्ये घेत नाही. त्याच्या घरात
कांदासुद्धा येत नाही. पण तीस वर्षं
तासगावच्या सौद्यात त्याचं नाक चालतं:
मूठभर बेदाणा उचलतो, डोळे मिटतो,
कुठल्या शिवारातला, किती दिवस वाळवला, सांगतो.

आम्ही स्टीलच्या पेल्यातनं प्यालो.
हणमंत म्हणाला, लिंबू सरबत, लगा, साखर विसरलेलं.
मी म्हणालो, साखर आहे,
पण मागच्या बाकावर बसलीय.
पोपटनं विचारलं, ब्रिक्स किती आसंल?
आणि खरोखरच खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढला,
थेंब टाकला, आभाळाकडं धरला.
आभाळात तोवर उजेड उरला नव्हता.

मग भरतेशनं माझ्या हातातला पेला घेतला.
प्यायला नाही. नाक नेलं, मागं घेतलं, पुन्हा नेलं.
कुत्री भुंकली, गप्प झाली.
"रॉकेल," तो म्हणाला.
इंद्रजित हसता हसता थांबला. "बरोबर आहे, काका.
जुनी झाली की येतो तसा वास.
तिकडं त्याचेच पैसे मोजतात."
"कंदील पुसताना येतो तेवढाच. जास्त न्हाई.
आणि खाली...
खाली पाटी हाय."
कसली पाटी?
"शाळेची. थुकीनं पुसलेली. मास्तर यायच्या आत."

इंद्रजितनं मोबाईलवर फोटो दाखवला:
बागेत माती दिसतच नाही, नुसत्या काळ्या-निळ्या
पाटीच्या कपच्या, वेलींच्या बुडाशी,
अख्खी शाळा फोडून पसरल्यागत.

मी पुन्हा घोट घेतला. आता दुसरं काही लागेना.
चघळलेली पेन्सिल, बोटांवरची पांढरी भुकटी,
सातचा पाढा.

लेबलावरचा लांबलचक शब्द पोरानं फोडून सांगितला:
उशिरा तोडलेला माल.
आमच्याकडं उशीर म्हणजे मणी तडकणं,
दलालानं तोंड फिरवणं. तिकडं ती पदवी.
भरतेश ते दोनदा म्हणाला, हळू.
त्याचं लग्न बेचाळिसाव्या वर्षी झालं;
कुणी हसलं नाही.

पेला त्यानं विसळू दिला नाही.
सकाळी सौद्याला जाताना तो रुमालात गुंडाळून
गाडीच्या डॅशबोर्डवर होता.
मिरजेचा व्यापारी भाव ओरडत असताना
भरतेशनं पेटीत हात घातला, मूठ नाकाशी नेली,
आणि भाव सांगायच्या ऐवजी मला विचारलं,
"तुझी पाटी फुटली होती न्हवं रे, तिसरीत?
ती मीच फोडली."