डोळ्यात फूल

काचेच्या या ढेरपोट्या बरणीला आमच्या नॉर्मंडीत
बाईचं नाव आहे: दाम-जान.
वेताच्या टोपलीत बसते, तळघरात, बटाट्यांशेजारी,
नोव्हेंबरपासून कुणाशी बोलत नाही;
मनात आलं तर नळीतून एक बुडबुडा सोडते.

गिस्लँनं ती गळ्यापर्यंत भरली होती.
"बोटभरही हवा नको," म्हणाला,
आणि जानेवारीत सफरचंदावरचं बांडगूळ कापायला
शिडीवर चढला
तो थेट लिझिएच्या इस्पितळात उतरला.
खुब्याचं हाड.

मग चौकशीला माणसं यायला लागली.
दारी आलेल्याला कोरडं कसं पाठवायचं?
पाद्रीबुवांना एक सुरई.
टपालवाल्या मारिव्होनला अर्धी, तिला पुढे गाडी चालवायची.
शिडी ज्याची होती त्या बोदुँला दोन,
त्याचा जीव खालीवर होत होता म्हणून.
रात्री रेडिओ लावून मीही एक पेला.
बरं, दोन.
असे सहा आठवडे.
बांडगुळं काय, झाडावरच वाढतात थोडीच.

फेब्रुवारीच्या अखेरीस विजेरी घेऊन खाली गेले
तर जानच्या डोळ्यात फूल पडलेलं.

पांढरं. सायीसारखं, पण साय निदान खावीशी वाटते.
सुरकुत्या अशा, की म्हाताऱ्या हाताची कातडी
कुणी सायडरवर वाळत घातलीय.
बरणीला गुडघा लागला तशी ती फाटली,
आणि दुसऱ्या दिवशी बघते तो पुन्हा सांधलेली.

फोन केला. वाटलं, ओरडेल.
तो एकदम डॉक्टर झाला.
"रंग?"
पांढरा.
"लव आहे? हिरवी, काळी?"
नाही.
"वास घे."
घेतला. सफरचंद. ओलं पोतं. आणि जरासा
नेलपॉलिशचा, पण तो माझ्या बोटांचाही असेल.
"नेलपॉलिश? तू?"
सहा आठवडे एकटी आहे मी, गिस्लँ.
पलीकडे कुणाची तरी ढकलगाडी गेली, चाक करकरत.
मग: "कुठला रंग?"
मी म्हटलं, सायडरचं बोल.

ढवळू नकोस, म्हणाला. चमच्यानं उपसत बसू नकोस, तुकडे बुडतात.
नळीचं वरचं टोक अंगठ्यानं दाब, म्हणजे फूल आत शिरत नाही,
खालचं टोक गाळाच्या वर थांबव.
वरचं तिचं, तळचं तिचं,
मधलं तेवढं आपलं.
धाकट्या बरणीत उतरव, खळखळाट न करता.
गंधकाची एक गोळी कुस्करून टाक.
आणि भर. गळ्यापर्यंत.
"सायडर नासली नाही गं,
जागा रिकामी राहिली."

भरू कशानं? अर्धा लिटर कमी पडत होती.
पाणी ओतायला हात धजेना.
तेव्हा नातू एल्वा, वय वर्षं आठ, म्हणाला, गोट्या घाल.
घासाघीस झाली. शंभर गोट्यांना एक सफरचंदाचा केक,
निळी गोटी वगळून.
दोनशे बारा गोट्या पातेल्यात उकळल्या,
स्वयंपाकघरात शाळेच्या मधल्या सुट्टीचा आवाज.
बरणी तिरकी धरली, एकेक सोडली;
प्रत्येकीबरोबर सायडर केसभर वर,
एकशे नव्वदच्या पुढे मी श्वास धरून मोजत होते.
शेवटची गोटी निळी निघाली.
एल्वानं मान फिरवली. "टाक," म्हणाला.

थोरल्या बरणीच्या तळाशी फूल उरलं,
ओल्या हातरुमालासारखं. खताच्या ढिगावर गेलं.
सोड्यानं बरणी तीनदा घासली,
चौथ्यांदा उगाच.

एप्रिलात गिस्लँ काठी टेकत खाली उतरला,
अकरा पायऱ्या, प्रत्येकीला एक शिवी.
बटाट्याच्या पोत्यावर बसून विजेरी मारली.
गळा भरलेला, वर काही नाही, तळाशी रंगीत गारगोट्या.
पेलाभर काढला, तोंडात घोळवला, बराच वेळ.
"चपटी झालीय," म्हणाला. "पण व्हिनेगर नाही."
एका घोटाची जागा लगेच पाण्यानंच भर म्हणून सांगितलं;
मला नव्हतं धजलं, त्याला धजलं.

मग विजेरीचा झोत माझ्या हातावर.
नखं. हिरवी.
तो वाकून जवळून बघत राहिला.
"लव नाही ना त्याला?"