चार म्हणजे दहा

पहिल्याच आठवड्यात म्वालिमू सुबिलागांनी
फळ्यावर एक झाड काढलं: म्टी.
मग पुष्कळ झाडं: मिटी.
मग खडू जरा थांबवून, देव: मुंगू.
पुष्कळ देव: मिउंगू. झाडांच्याच ओळीत.
शांतवन वहीतून वर बघत म्हणाला, हे जड जाईल.
झाडांना तर कधी जड गेलं नाही, बाई म्हणाल्या
आणि फळा पुसला.

टुकुयूला सकाळी चहाच्या मळ्यांवर
धुकं असं बसतं
की वाट पायांनाच विचारावी लागते.
भाषेचंही तेच.
चाचपडताना एखादा शब्द हाताला लागतो,
रांगी, गारी, बिमा,
आणि मी माहेरचं माणूस भेटल्यासारखी
त्याच्या गळ्यात पडते.
त्याच्या शेजारचा शब्द मात्र
मला ओळख देत नाही.

निटावापेंडा.
एवढ्या एका शब्दात अख्खं कुटुंब दाटीवाटीने बसलेलं:
मी, पुढे कधीतरी, त्यांच्यावर, प्रेम.
खरं सांगायचं तर
त्यातलं 'पुढे कधीतरी' मला फार सोयीचं वाटलं.
वर्षभर मी तिथेच राहिले.

मागणं आणि प्रार्थना, दोन्हीला ओम्बा.
अंगोलिलेच्या टपरीवर मी मिठासाठी प्रार्थना करते.
तो लगेच देतो.
वर सुटे पैसेही.

वाटेत पोरं धावत येतात: शिकामो!
म्हणजे, तुमचे पाय धरतो.
माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला
त्या दिवसापासून कुणाच्या पाया पडले नाहीत,
थोरल्या भावाच्याही नाही,
आणि तो भाऊ मरेपर्यंत त्यांच्याशी बोलला नाही.
इथे पाळकांची पोरं न वाकता माझे पाय धरतात,
हातात अर्धी खाल्लेली कणसं.
माराहाबा, मी म्हणते.
आणि मनातल्या मनात:
आजोबा, हे नुसतं व्याकरण आहे.

घंटा वाजवणारे म्झे ग्वाकिसा गेले
तेव्हा निरोप आला, दफन सा न्ने.
न्ने म्हणजे चार, एवढं पाठ होतं.
शांतवनने सहा ओळींची प्रार्थना लिहिली,
दाढीच्या आरशासमोर चारदा म्हटली.
चारला पाच कमी असताना
आम्ही केळीच्या बागेतून उतरलो.

बायका मोठाले हंडे राखेने घासत होत्या.
कबरीवरची फुलं माना टाकून होती.
इथे दिवस उगवला की मोजायला लागतात:
सात वाजता एक,
दहा वाजता चार.
हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही.
धडा तिसरा, पान एकोणीस.

बीबी तुसाजिग्वे चटईवर बसल्या होत्या.
शांतवनने कागद उलगडला. तोंड उघडलं.
त्यांनी आमचे घोट्यापर्यंत माखलेले बूट पाहिले,
मग त्याचा चेहरा,
आणि त्याच्या आधी त्याच म्हणाल्या,
पोले. पोले साना.

ठेच लागलेल्याला म्हणतात पोले,
ओझं वाहणाऱ्याला, तापाने फणफणलेल्याला,
कुणी गेलं त्याला.
चूक कुणाची, हा प्रश्न त्यात नाहीच.
रात्री मी अंथरुणात मराठी धुंडाळत राहिले.
शब्द आहे आपल्याकडे. शांतवन.
पण त्याला मी रोज कोळसा आणायला पाठवते,
मोजे उलटे टाकतो म्हणून ओरडते.
आत्ता तो शेजारी घोरत होता.

पण त्याआधी, तिथे,
कुणीतरी केळीच्या पानाखालून
दोन ताटं काढली. उसळ आणि उकडलेली केळी,
उशिरा येणाऱ्यांसाठी झाकून ठेवलेली.
शांतवनने कागद खिशात घातला.
दोन्ही हातांनी ताट घेतलं.
आसांते, म्हणाला.
बरोबर म्हणाला.