उभ्याचा रकाना

पुस्तकात लिहिलंय : दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष,
जे आधी येईल ते.
बाबा पुस्तक मानतात.
(इथे कुवेतात मालकाला बाबाच म्हणायचं,
मग तो आपल्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान का असेना.)

गाडी हायब्रिड.
पहिल्या दिवशी बटण दाबलं, आवाजच नाही.
पुन्हा दाबलं, आणि चालू गाडी बंद केली.
मागच्या सीटवर फातिन हसली.

शुवैखच्या गल्लीत लियाकत खांचेचं गॅरेज,
तो मंडणगडचा, मी आजऱ्याचा.
त्याने डिपस्टिक ओढली, पुसली, पुन्हा बुडवली,
तेल दोन बोटांत चोळून नाकाशी नेलं
हळद पारखावी तसं.
"किती चालली?"
"चार हजार."
"आणि उभी किती?"
मला प्रश्नच कळला नाही.

म्हणाला, मीटर चाकं मोजतो रे, इंजिन नाही मोजत.
तू शाळेबाहेर, एसी चालू, बाहेर सत्तेचाळीस.
बॅटरी उतरली की इंजिन दचकून उठतं,
दोन मिनिटं धडधडतं, तिला पाजतं, झोपतं.
पुन्हा उठतं.
गाडी वीतभर सरकत नाही, तेल मात्र म्हातारं होतंय.
थंडीत आणखी वाईट,
आतून गरम होतंय न होतंय तोवर बंद,
मग उरलंसुरलं पेट्रोल, पाण्याचा दमटपणा,
सगळं तेलाच्याच पोटात.
इंजिन अर्धंच चालतं म्हणून तेल दुप्पट टिकेल
म्हणणारे मला रोज भेटतात.
अर्धवट झोपेला काय विश्रांती म्हणतात?

"मग बदलायचं कधी?"
"इथे पाच हजार, नाहीतर सहा महिने.
धुळीचं वादळ येऊन गेलं की हवेचा फिल्टर बघायचा.
आणि तेल पातळच, पुस्तकात आहे तेच. तेवढं पुस्तक खरं.
नाहीतर तेलही जाईल, इंजिनही जाईल,
हाती राहील पावती."

त्या रात्री वहीत एक रकाना वाढवला.
पेट्रोल, पंक्चर, धुणं, आणि कडेला : उभं.
रविवार. शाळा, चाळीस मिनिटं.
जाबरियात दाताचा डॉक्टर, एक तास दहा.
सोमवार. मॉल, तीन तास. मामा म्हणाल्या होत्या पाच मिनिटं.
मंगळवार. दीवानियाबाहेर, रात्री नऊ ते पावणेएक.
शुक्रवार. समुद्र, दोन तास. काचेतून लाटा दिसत होत्या.
तेव्हाच जुईचा फोन आला. बाबा, काय करताय?
चालवतोय, म्हणालो.
नेमकं त्याच वेळी इंजिन उठलं
आणि माझं खोटं थोडं खरं झालं.

सहा महिन्यांनी बाबा म्हणाले,
पाच हजारही झाले नाहीत, तेल कशाला?
मी रकाना पुढे केला.
पाचशे एकोणचाळीस तास.
त्यांनी फोनवर बेरीज पडताळली. बरोबर निघाली.
मग पानं उलटत राहिले,
अंगठा एका मंगळवारवर थांबला,
पावणेएकवर.
वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"गाडीला हे बरं नाही," म्हणाले,
आणि तेलाचे दिनार मोजून दिले, फिल्टरसकट.

लियाकतने खालचा बोल्ट सैल केला.
काळी धार, आधी जाड, मग दोऱ्याएवढी,
मग थेंब, थेंब.
तो घाई करत नाही, शेवटचा थेंब पडू देतो.
काचेवर नवं स्टिकर लावताना पेन चालेना,
बनियनवर दोनदा घासून त्याने लिहिलं : मार्च.

मार्चात मी घरी असेन, म्हटलं. दोन वर्षांनी.
बदलीचा कोणीतरी येईल गाडी घेऊन. त्याला सांग.
"काय सांगू? तेलाचं?"

तेलाचं स्टिकरवर आहे.
रकान्याचं सांग.