ऊती

दहावीच्या पुस्तकात टिश्यूला ऊती म्हणत.
कोनापुरे सरांनी तेव्हा सांगितलं होतं,
‘वे’ म्हणजे विणणं, त्यातूनच ‘ऊत’,
ओतप्रोतमधला ओतही त्याच मागावरचा.
पूर्वभागातली पोरं आम्ही. खिडकीबाहेर
खटखट चालूच होती. कुणाला नवल वाटलं नाही.

कॉलेजात तो शब्द चपलांसारखा दाराबाहेर ठेवला.

टेबल नंबर चार. आम्ही आठ जण, एक बाई.
वय अंदाजे साठ. नाव रजिस्टरात, रजिस्टर कपाटात,
किल्ली हणमंतू मामांच्या करगोट्याला.
ऑक्टोबरची काहिली, पंखे फॉर्मॅलीन
या टेबलावरून त्या टेबलावर ढकलतात.
आफ्रीनचे डोळे गळतात, म्हणते, रडत नाहीये मी.
बिराजदारनं चार दिवस जेवण सोडलं,
पाचव्या दिवशी शेंगाचटणीचा डबा
एकट्यानं पुसून खाल्ला.

मला ब्रॅकियल प्लेक्सस येईना.
मानेतून पाच मुळं, त्यांचे तीन सोट, सोटांचे सहा फाटे,
फाट्यांच्या पुन्हा तीन दोऱ्या, दोऱ्यांच्या पाच नसा.
कॅलेंडरच्या पाठीवर सतरा वेळा काढलं,
सतराही वेळा कुणीतरी अनाथ राहिलं.

रात्रपाळीहून आलेल्या नान्नांनी
उभ्या उभ्याच कागद उलटा धरून पाहिला.
“ताणा भरलाय की गं हा. फणी कुठंय याची?”
मग चादरीचं उरलेलं सूत आणलं,
दाराच्या खिळ्यांना पाच धागे बांधले,
माझ्याकडून ऐकत गेले, गाठी मारत गेले.
“मधला एकटाच? याला जोडीदार नाही?”
नाही, नान्ना, सातवा एकटाच उतरतो.
“मागचे तिघं मात्र एकत्र केले. हे बरं केलं.”
कुणी केलं, ते विचारलं नाही त्यांनी.
पिवळं सूत संपलं, म्हणून सातवा हिरवा.

दोन आठवडे आमचं दार उघडलं की
अख्खा दंड हलायचा.

तोंडी परीक्षेत म्हेत्रे मॅडमनी चिमट्यानं एक नस उचलली.
“ही कुठून आली?”
मी म्हणाले, हिरव्यातून.
मॅडम चष्म्यावरून बघत राहिल्या.
त्यांनी किती मार्क दिले, ते सांगत नाही.

नोव्हेंबरात तळहात आला.
कातडी सोलण्याआधी मी तो हात नीट पाहिला.
उजव्या अंगठ्याच्या बुडाला घट्टा,
कात्रीच्या कडीएवढा, गोल.
तर्जनीचं नख एका बाजूनं झिजलेलं,
तोंड मिटून मिटून.
पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा,
मग नखानं दोन्ही टोकं आत.
हजारी एक दिवसाची.

बिराजदार पुस्तक वाचत होता मोठ्यानं,
‘अंगठा इतर बोटांसमोर आणणारा स्नायू’.
आफ्रीन म्हणाली, काप ना, थांबलीस का?
मी काही बोलले नाही.
घट्ट्याच्या कडेनं वळसा घालून पहिली रेघ दिली.
आत स्नायू जाड होता, पुस्तकातल्यापेक्षा जाड.
मॅडमनी दुसऱ्या टेबलांनाही बोलावून दाखवला.
“किती सुंदर डेव्हलप झालाय बघा.”
सगळे वाकून बघत होते.
मी हणमंतू मामांच्या किल्लीकडे बघत होते.
मागितली नाही.

घरी अम्मा सुपात पाय पसरून बसल्यासारखी,
मांडीवर सूप, सुपात पानं, टीव्ही चालू, आवाज बंद.
तीनदा साबण लावून मी तिचा हात हातात घेतला.
अंगठा करंगळीला लाव, म्हणाले.
आता मी ओढते, तू सुटू देऊ नकोस.
तिनं लावला. मी ओढला. सुटला नाही.
जोर लावून ओढला.
तिला वाटलं, खेळतेय.
“औषधाचा वास येतोय तुझ्या हाताला,” म्हणाली तेलुगूत,
“आणि सोड आता. सातशे चाळीस की पन्नास,
मोजणी चुकली बघ तुझ्यामुळं.”

मी शेजारी बसून पहिल्यापासून मोजायला घेतल्या.