ओली पुस्तकं

पाद्रीबाबांनी तेलेस्फोर गादुरीची सगळी पुस्तकं
रोख पैसे मोजून विकत घेतली, जाळायला.
एकशे बारा प्रती. गादुरीचा आजवरचा सर्वांत मोठा खप.

चर्चमागे, गोठलेल्या सेंट लॉरेन्सच्या काठी ढीग लागला.
पण बर्फानं पुठ्ठे भिजलेले;
डबाभर रॉकेल संपलं, तरी नुसता धूर.
मग आम्हा पोरांना बसवलं पानं फाडायला.
सुटी पानं बरी पेटतात.

मी नऊ वर्षांचा. जपमाळेच्या वेगानं फाडत होतो.
एका पानावर बिशप आणि आमदार
एकाच घोड्याची शेपूट धरून
घोडा माझा, घोडा माझा म्हणत भांडताहेत.
पुढच्या पानावर एक शहाणा
त्या भांडणावर ग्रंथ लिहितो,
आणि घोडा तो ग्रंथ खातो.

मला हसू फुटलं.
"काय रे?" पाद्रीबाबा.
"धूर गेला डोळ्यांत."

गादुरी कुंपणाशी उभा, हातमोजे काढून शेकत.
जाताना म्हणाला,
"दुसरी आवृत्ती वसंतात काढतो, फादर.
कागद जरा कोरडा घेईन."

वसंत आला. गादुरी त्याआधीच गेला, न्युमोनियानं.

घोड्याचं पुढं काय झालं
ते पान माझ्याच हातानं
आगीत गेलं होतं.