नमुना क्रमांक सात

परभणीत चव्वेचाळीस, ओव्हनमध्ये चाळीस.
ट्रे आत सारताना
हातांना जरा गार वाटतं.

ज्वारीचा स्टार्च, पाणी, थोडं ग्लिसरॉल.
ग्लिसरॉल विसरले त्या दिवशी
फिल्म कडकन मोडली,
आणि लॅबमधल्या गयाबाईंनी तुकडा उचलून विचारलं,
"भाजायचा का तळायचा?"

वाळली की कडेनं नख घालते.
सुटते ती अख्खी,
सायीसारखी.
हे कुणी शिकवलं नाही मला.
भूमला आमची खव्याची भट्टी;
दुधावर जे जे धरतं ते
बोटांना आधीपासून ठाऊक.

ओव्याचं तेल मात्र भांडखोर.
दिवसभर उकळावं तेव्हा चमचाभर.
पाण्याशी पटत नाही, जीभ बधिर करतं,
ओढणीला, डब्याला, वहीच्या पानांना लागून राहतं.
एसटीत शेजारची बाई आधी सरकून बसली,
मग जवळ आली.
"घरी बाळंतीण आहे का गं?"

नाही म्हणाले.
कळंब येईपर्यंत तेच डोक्यात:
शेगडीत ओवा टाकायचा, दार लोटायचं,
कोवळा जीव धुरात राखायचा.
आणि मी राखतेय काय,
तर पेढा.

अकराव्या दिवशी उघड्या पेढ्यावर हिरवं.
एक टक्क्याच्या पेढ्यावर टाचणीच्या डोक्याएवढे दोन ठिपके.
दोन टक्क्यांचा स्वच्छ.
बिनतेलाची फिल्म मुंग्यांनी नेली,
वहीत तसंच लिहिलं.
लोमटे सरांनी खोडलं नाही.

दोन टक्क्यांचा अण्णांना दिला.
कागद कुठून सुटतो ते
नखानं चाचपत राहिले.
"सगळंच खायचंय, अण्णा."
बराच वेळ चावला.
भट्टीत लाकूड सारलं, कढईत खुरपं फिरवलं.
"बुरशी नाही, खरंय.
पण हा पेढा नाही राहिला, काढा झाला.
राखणदारानं दारात बसावं गं,
ताटात नाही."

म्हणून आज सातवा. दीड टक्का.

ट्रे आत ठेवून अर्धा तास झाला नाही
तर लाइट गेली.
ओव्हनचा काटा उतरू लागला.
जनरेटरचं डिझेल कुणाच्या सहीत अडकलंय कोण जाणे.

गयाबाई म्हणाल्या, "गच्ची कशाला आहे?"

दोघींनी ट्रे वर नेले,
तापल्या फरशीवर मांडले, वर पातळ फडकं,
चार कोपऱ्यांना चार खडे.
कुरडयांसारखं.

पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलेय आता,
वहीत वेळ टिपून,
मुंग्यांवर डोळा ठेवून.